नाल्याच्या वळणावरचा राम राम

सिल्वासात जयवंत तळवडेकरांना 'चालणारे सर' म्हणत. हे नाव त्यांनी कमावलं होतं. मूळचे सावंतवाडीकडचे. मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवायला म्हणून इथे आले आणि इथलेच झाले. पन्नाशी गाठण्याआधीच रक्तातली साखर वाढली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि चालायला सांगितलं. ते सगळ्यांनाच सांगतात आणि बहुतेक जण पंधरवडाभर चालतात. सर चार वर्षं चालले. अंगात कसर असताना चालले, सासऱ्यांचं दिवसकार्य आटोपून गावाहून परतले त्याच पहाटे चालले, भर पावसात छत्री उलटी झाली तरी चालले. गोळ्या निम्म्यावर आल्या, पोट उतरलं. वर्गात खडू फेकून मारायची सवय होती, तीही सुटली. त्याचं श्रेयही ते चालण्यालाच देत.

सुरुवातीचे काही दिवस ते दमणगंगेच्या काठच्या बागेत जात. तिथे त्यांचं जमलं नाही. बागेत हास्यमंडळ होतं, मोबाइलवर मोठ्याने भजनं लावणारे होते आणि शेअर बाजारावर बोलत चालणारे तर सगळ्यांत जास्त होते. सरांना एकांत हवा होता. शोधता शोधता तो सामरवरणी गावाच्या मागे सापडला. आमली भागातल्या क्वार्टरमधून स्कूटरने फाट्यापर्यंत जायचं, चहाच्या टपरीशेजारी स्कूटर लावायची आणि कामगारांच्या चाळींमागून जाणारी मातीची वाट धरायची. डाव्या हाताला चाळींच्या पाठभिंती, उजवीकडे नाला. पुढे घाणेरीची आणि बोरीची दाट झुडपं, मग एक वळण. वळणापुढे सागातून चढ लागतो तो टेकडीच्या माथ्यापर्यंत. माथ्यावर एक सपाट कातळ आहे. सर तिथे डोळे मिटून बसत, सूर्य वर येईपर्यंत.

पहिल्या चढापर्यंत डोक्यात शाळा असते, मग घर असतं आणि माथ्यावर कुणीच नसतं, असं ते सांगत. देव असतो का, असं कुणी विचारलं तर म्हणत, "असला तर सोबत चालतो. आपण मागे वळून बघायचं नाही, एवढंच." हे त्यांना मनापासून वाटत असे. दिखाऊ माणूस चार वर्षं एकटा चालत नाही.

पण एकट्याने चालायचं आणि त्याबद्दल चारचौघांना सांगायचं, या दोन्ही गोष्टी आता बरोबरच होतात. 'पहाटपावलं' नावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. त्यात शिक्षक, बँकेतली माणसं, कचेऱ्यांतले कारकून, दुकानदार असे मराठी-गुजराती मिळून शेकड्यांनी लोक होते. सर रोज टेकडीवरून एक फोटो आणि चार ओळी टाकत. लोक हात जोडल्याची चित्रं पाठवत. मागच्या हिवाळ्यात त्यांनी वळणाबद्दल लिहिलं:

"नाल्याच्या वळणावर रोज चार-सहा माउल्या भेटतात. मी दिसलो की उठून उभ्या राहतात. मी कोण, कुठला, त्यांना ठाऊक नाही. चालणाऱ्याला त्या मान देतात. मी राम राम करतो. त्या लाजतात, बोलत नाहीत. शहर विसरलं ते या गरिबांनी जपलंय. वाट मान देते."

सोबत फोटो होता. धुकं, झुडपं आणि त्यांत पाठमोऱ्या उभ्या चार बायका. डोक्यावरून पदर, चेहरा कुणाचाच नाही. त्या ग्रुपवर इतके हात आजवर कधी जोडले गेले नव्हते.

उन्हाळा लागला तसं सकाळी लवकर तापायला लागलं. सरांनी वेळ आणखी अलीकडे ओढली. अंधार असायचा, म्हणून कपाळाला बांधायचा दिवा घेतला. तो ललितच्या दुकानातून घेतला होता. ललितचं आमलीत खेळाच्या सामानाचं दुकान. वडील नंदुरबारकडचे, आई वापीची, स्वतः सिल्वासात जन्मलेला. त्यामुळे त्याच्या बोलण्यात एका वाक्यात तीन भाषा बसतात. माणूस उत्साही. सरांच्या वाटेवर एका रविवारी पहाटे सगळ्या ग्रुपने चालायचं, वर कातळावर ध्यान, खाली उतरल्यावर पोहे आणि खमण, अशी कल्पना त्याचीच. टी-शर्टही त्यानेच काढले. छातीवर ओळ सरांची: वाट मान देते.

"नाव माझं नको," सर म्हणाले होते.

"नाव छोटं घालतो ना सर, पाठीवर," ललित म्हणाला.

सर हसले होते. त्यांना बरं वाटलं होतं.

त्याच आठवड्यात वर्गात स्नेहल झोपली. नववीतली मुलगी. हुशार म्हणावी अशी, पण अलीकडे पहिल्या तासाला तिची मान खाली जायची. सरांनी दोनदा सोडून दिलं. तिसऱ्यांदा तिला उभं केलं.

"काय गं, रात्री काय करत होतीस? मोबाइल?"

तिने वही मिटली.

"मी रोज पहाटे तुमच्याच चाळीमागून जातो. तुमच्या वस्तीतल्या बाया माझ्याही आधी उठलेल्या असतात. कष्टाच्या बायका. मला बघून उभ्या राहतात. आणि तू इथे बाकावर झोपतेस? आईकडून शिक जरा."

मागच्या बाकावरून कुणीतरी फिस्सकन हसलं. त्याच चाळीतल्या दोन मुली होत्या, त्यांनी माना खाली घातल्या. सरांना वाटलं, आपलं बोलणं लागलं.

दुसऱ्या दिवशी स्नेहल आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मुलगी शाळेतून अशीच गळते आणि मग एखाद्या कंपनीत पॅकिंगला दिसते, हे सरांनी पुष्कळदा पाहिलं होतं. गुरुवारी शाळा सुटल्यावर ते तिच्या घरी गेले. घर त्या चाळींपैकीच एकीत, मागच्या रांगेत. रोज पहाटे ज्या भिंतींच्या पाठी दिसत, त्यांची दारं त्यांनी पहिल्यांदा पाहिली.

स्नेहलची आई विजया नुकतीच कामावरून आली होती. धुळ्याकडच्या साक्री तालुक्यातली बाई, 'आहे'ला 'शे' म्हणणारी, धाग्याच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जाते. नवरा दुसरीकडे, रात्रपाळीला. तिने सरांना दारातच प्लास्टिकची खुर्ची दिली. आत स्नेहल पाठमोरी बसून कणीक मळत होती. ती वळली नाही.

"पोरगी येनार नाय आता," विजया म्हणाली.

"मी रागावलो म्हणून? अहो, तिच्या भल्यासाठीच—"

"तुम्ही मास्तर शे. रागवणारच. त्याचं काय नाय."

"मग?"

"फाट्यावर बोर्ड लावेल शे ना तुमचा, मोठा. तो पाह्यला तिनं."

ललितने फाट्यावर बॅनर बांधला होता. रविवारचं निमंत्रण, ओळ आणि मागे तोच धुक्यातला फोटो, पुरुषभर उंचीचा.

"त्याचं काय?" सरांनी विचारलं.

"त्यात चार बाया शे. तिसरी मी शे."

सरांचा चेहरा खुलला. इथे काय झालं ते नीट सांगायला हवं, कारण सर स्वतः तेच पुन्हा पुन्हा आठवतात. ते खुर्चीत पुढे सरकले आणि म्हणाले, "तुम्ही होय! अहो, मग कधी ओळख नाही दिलीत! मी रोज राम राम करतो."

विजया त्यांच्याकडे बघत राहिली. आत कणीक मळायचा आवाज थांबला. हा माणूस आपली चेष्टा करत नाहीये, याला खरंच माहीत नाही, हे तिला कळायला थोडा वेळ लागला. मग तिने पदर खांद्यावरून पुढे घेतला आणि आवाज खाली आणला.

"सर, त्या टायमाले बाया झुडपात कायले जातात?"

सरांची नजर नाल्याच्या दिशेला गेली.

"तुम्ही आले की उभं राहावं लागतं. तुम्ही गेल्याबिगर बसता येत नाय. आम्ही पाठ करतो, तं तुम्ही थांबता. राम राम करता. डोक्यावर तो लाइट. ज्याच्याशी बोलता त्याच्यावर पडतो तो. आम्ही बोलत नाय, तं तुम्ही अजून मोठ्यानं करता."

"चाळीत संडास..."

"दोन शे. एक भरला म्हनून मालकानं कुलूप लावलं. दुसऱ्याले लाइन. पाळीची बस सुटते मंग. नाल्याची बाजू बायांची शे, सर. बाप्ये पलीकडं, वीटभट्टीच्या अंगाला जातात. कोनी लिव्हेल नाय, पण सगळ्यांले माहीत शे. तुम्ही यायच्या आधी त्या वाटेनं सकाळचा गडी माणूस येत नव्हता."

"मला कुणी सांगितलं का नाही?"

"कोन सांगंल? काय म्हनून सांगंल?"

ती पुढे जे म्हणाली त्यात राग नव्हता, आणि ते ऐकायला जास्त जड होतं. सर वेळेचे पक्के, म्हणून बायकांनीही वेळ ठरवून घेतली होती. सर यायच्या आत उरकायचं. ज्यांना उशीर होई, त्या उभ्या राहत. उन्हाळ्यात सर अलीकडे आले, तशा बायकाही अलीकडे गेल्या. त्या अंधारात मुलीला एकटं सोडता येत नाही, म्हणून विजया स्नेहललाही तेव्हाच उठवते. मग झोप लागत नाही. मग आईचा डबा, मग शाळा, मग पहिल्या तासाला मान खाली जाते.

"आता एवढंच सांगा," विजया म्हणाली. "रविवारी म्हने गाडीभर माणसं आणताय. आम्ही त्या दिवशी कुठं जायचं?"

सर उठले. बघतो, असं काहीतरी म्हणाले. दारातून निघताना स्नेहलची पाठ त्यांना दिसली. मुलीचे खांदे वर ओढलेले होते, कुणी मागून हाक मारेल अशा धास्तीने ओढावेत तसे.

तिथून ते थेट ललितच्या दुकानात गेले. ललित टी-शर्टच्या गठ्ठ्यांत बसला होता.

"या सर! तुमचा मीडियम बाजूला काढून ठेवलाय. मीडियम! चार वर्षांपूर्वी एक्सेल होता, मी पोस्टमध्ये लिहिणार छे हे."

"ललित, रविवारी बागेतून जाऊ."

"बागेत? बागेत तर अंकल लोक जातात."

"त्या वाटेला साप निघालेत."

"मस्त! सर्पमित्राला बोलवतो. पाच मिनिटं बोलेल तो. पब्लिकला आवडतं."

"खूप माणसं झाली तर वाट अरुंद पडेल."

"सर, तुम्हाला स्टेजची भीती वाटते का? बोला ना खरं. मी आहे ना."

मग सरांनी खरं सांगितलं. पुरतं नाही. तिकडे पहाटे बायका जातात, एवढंच. ललितने क्षणभर विचार केला आणि त्याचा चेहरा उजळला.

"मग तर उलट चांगलं ना सर! माणसं यायला लागली की सवय सुटेल त्यांची. आपण स्वच्छतेचं एक बोर्ड पण मारू. शिट्ट्या आणू का?"

ललित वाईट माणूस नाही. तो जे बोलला ते बऱ्याच चांगल्या माणसांनी बऱ्याच सभांत बोललेलं आहे. कालपर्यंत हेच वाक्य आपणही बोललो असतो, शिट्ट्यांसकट, हे सरांना तिथे उभ्या उभ्या कळलं. त्यांनी टी-शर्ट घेतला नाही.

घरी पत्नी उषा जेवायला वाढत होती. सरांनी तिला सगळं सांगितलं, ताटाकडे बघत. उषा त्यांच्याशी घरात मालवणीतच बोलते. तिने ऐकून घेतलं, आमटीचा डाव परत भांड्यात ठेवला आणि विचारलं, "तुमका खराच कळाक नाय?"

"नाही गं."

"रातीच्या एस्टीन आपण गावाक जायचो. उजाडता उजाडता गाडीचो लायट पडलो की रस्त्याच्या कडेक बायलमाणसा उठान उभी रवायची. पाठ करून. ता काय तुमी बघूक नाय?"

सरांनी बघितलं होतं. शेकडो वेळा. लहानपणी आईच्या मांडीवरून बघितलं होतं, आणि आईने खिडकीचा पडदा ओढला होता. त्या बायका का उभ्या राहतात हे त्यांना तेव्हाही माहीत होतं. मग इथे चार वर्षं त्याच बायका, तशाच पाठमोऱ्या, त्याच वेळी उभ्या राहिलेल्या पाहून त्यांना मान का आठवला?

कधी ते म्हणतात, चालताना मन इतकं भरलेलं असायचं की दुसरं काही सुचलंच नाही. कधी म्हणतात, आपल्यासाठी कुणी उभं राहतं ही गोष्ट इतकी गोड होती की तिची चौकशी करावीशी वाटली नाही. दुसरं उत्तर दिल्यावर ते गप्प होतात. पहिलं दिल्यावर बोलत राहतात. त्यावरून काय ते समजावं.

"आता काय करतलात?" उषाने विचारलं.

"रविवार थांबवायचा."

"आनि फोटो?"

त्यांनी जेवण अर्धं टाकलं.

शुक्रवारी सकाळी, चार वर्षांत पहिल्यांदा, ते चालायला गेले नाहीत. उजाडल्यावर फाट्यावर गेले. टपरी उघडली होती. टपरीवाला काळू त्यांना रोज परतताना बघायचा, पण सर चहा घेत नसल्यामुळे बोलणं कधी झालेलं नव्हतं. सरांनी त्याच्याकडे सुरी मागितली.

"काय कापायचंय?"

"तो बॅनर."

"तुमचाच तर आहे."

"म्हणूनच."

काळूने आलं कापायची सुरी दिली आणि बसायचं स्टूलही दिलं. पाळीच्या बसला थांबलेली माणसं बघत होती. वरची दोरी सरांच्या हाताला येईना. स्टूल डुगडुगत होतं. खालून कुणीतरी म्हणालं, "गुरुजी, पडाल." कुणी पुढे आलं नाही. शेवटी बॅनर एका बाजूने सुटला आणि त्यांच्या अंगावर आला. चार बायका, धुकं आणि त्यांची स्वतःची ओळ. त्यांनी तो गुंडाळला, स्कूटरच्या पायाशी ठेवला आणि घरी नेला. माळ्यावर टाकावा तर राहतो, कचऱ्यात टाकावा तर कुणीतरी शेडला बांधतो. उषाने कात्री आणून त्याचे तळहाताएवढे तुकडे केले. सरांनी एक तुकडाही हातात घेतला नाही.

मग त्यांनी ग्रुपवर लिहिलं. नेहमीच्या चार ओळींपेक्षा थोडं जास्त.

"नाल्याच्या वळणावर उभ्या राहणाऱ्या बायकांबद्दल मी हिवाळ्यात जे लिहिलं ते खोटं होतं. त्या मला मान देत नव्हत्या. मी पुढे जाईपर्यंत त्यांना थांबावं लागत होतं. का, ते मला कळायला हवं होतं. गावाकडे एसटीतून मी ते पाहिलेलं आहे. ती जागा त्यांची आहे, आणि मी चार वर्षं तिच्यातून गेलो, या उन्हाळ्यात तर दिवा लावून. रविवारी तिथे कुणी जाऊ नये. नंतरही नाही. तो फोटो ज्यांच्याकडे असेल त्यांनी काढून टाकावा. चूक त्या बायकांची नाही, माझी आहे."

मग कुणीतरी सवयीने हात जोडले. मग एकाने लिहिलं, "चार वर्षं, सर?" आणि पुढे डोळा मारणारा चेहरा. त्याला आणखी हसरे चेहरे आले. दोन शिक्षिका काही न लिहिता ग्रुपमधून बाहेर पडल्या. ललितचा फोन आला. तो पहिल्यांदाच फक्त मराठीत बोलला.

"सर, हे असं सगळ्यांसमोर कशाला लिहिलंत? मला सांगायचं ना."

"तुला सांगितलं होतं."

"मला नीट नव्हतं सांगितलं."

ते खरं होतं. रविवारचं चालणं ललितने नदीकाठच्या बागेत नेलं. टी-शर्ट छापलेले होते ते वाटले गेले. ज्यांनी ग्रुप वाचला नव्हता असे काही जण फाट्यावर येतील म्हणून सर त्या पहाटे टपरीपाशी जाऊन थांबले. तिघे आले. सर त्यांना म्हणाले, "आज बागेत आहे." तिघेही गाडी वळवून गेले. त्यांतल्या एकाने जाताना विचारलं, "मग तुम्ही इथे काय करताय?"

शाळेत काय झालं ते तसं थोडक्यात सांगण्यासारखं आहे. 'चालणारे सर' हे नाव राहिलं, पण म्हणणाऱ्याच्या तोंडात ते आता वेगळ्या तऱ्हेने येऊ लागलं. स्टाफरूममध्ये ते शिरले की बोलणं थांबे. मुख्याध्यापिका मंजुषाबाईंनी बोलावून घेतलं. त्या सरळ बोलणाऱ्या आहेत.

"पालकांचे फोन येतायत, सर."

"काय म्हणतात?"

"काय म्हणतात ते तुम्हाला कळतंय. मला माहीत आहे तुम्ही तसे नाही. पण मी प्रत्येकाला फोनवर 'ते तसे नाहीत' म्हणत बसू का? आणि म्हटलं की जास्तच वाटतं."

मुलींच्या सहलीवरून त्यांचं नाव काढलं. सरांनी तक्रार केली नाही. त्यांनी त्या पहाटांत काय पाहिलं होतं? काही नाही, असं ते म्हणतात, आणि ते खरं असावं. पण उजेड त्यांच्याच कपाळावर होता, हेही खरं आहे, आणि ते कुणी विचारायची गरज नसते. त्यांना ते आपोआप आठवतं. मुलीशी बोलताना आठवतं, पालकसभेत आठवतं, उषा पहाटे उठून बाथरूमचा दिवा लावते तेव्हाही आठवतं. तो कपाळाचा दिवा त्यांनी देऊन टाकला नाही. कुणाला द्यायचा हे ठरेना.

स्नेहल शाळेत परत आली. दुसऱ्या तुकडीत जाईन, या अटीवर. तिच्या आईने मंजुषाबाईंना तेवढंच सांगितलं आणि बाईंनी काही न विचारता बदल करून दिला. व्हरांड्यात ती समोरून आली की सर आधीच कुठल्या तरी वर्गात शिरतात. एकदा शिरले ते चुकीच्या वर्गात, आणि तिथे शिकवत असलेल्या बाईंना काहीतरी कारण सांगावं लागलं.

आता ते क्वार्टरच्या गच्चीवर फिरतात. पाण्याच्या टाक्यांना वळसे घालत. सुरुवातीला गरगरायचं. नेम मोडलेला नाही, पण कातळावर जे व्हायचं ते गच्चीवर होत नाही. डोळे मिटले की काय दिसतं हे माहीत असल्यामुळे ते मिटत नाहीत. साखर थोडी वर गेली आहे. डॉक्टरांनी विचारलं, चालणं बंद केलं का? सर म्हणाले, नाही, जागा बदलली.

पावसाळ्याच्या तोंडावर आमलीच्या भाजीबाजारात विजया भेटली. म्हणजे सरांनी तिला आधी पाहिलं आणि ते मागे फिरणार होते, पण मागे हातगाडी होती. विजया गवार निवडत होती. तिनेच बोलायला सुरुवात केली, शेंगांवरची नजर न काढता.

"बरे शे ना सर?"

"हो. तुम्ही?"

"शे आपलं. पोरगी जाते शाळेत."

"बघतो मी. म्हणजे, येते ती."

विजयाने एक शेंग मोडून पाहिली आणि बाजूला टाकली. "तुमचं लिव्हेल सगळ्यांच्या मोबाइलमधी फिरलं," ती म्हणाली. "आता पोरं येतात गाड्यांवर. जागा कोणती ते पाहाले. पंधरा दिवस झाले, आम्ही ती बाजू सोडली."

सर जागच्या जागी उभे राहिले. भाजीवाला वजनाला हात पुढे करून थांबला होता.

"मला वाटलं..." सर म्हणाले. "रविवारी एवढी माणसं आली असती. थांबवायला दुसरं काही सुचलं नाही."

"रविवार एक दिवस व्हता सर. एक दिवस आम्ही कसाबी काढला असता." तिने गवार पाटीत टाकली. "तुम्ही चांगल्यासाठीच लिव्हलं असंल. पण तुम्ही नुसतं यायचं बंद केलं असतं ना गपचूप, तरी आम्हाले समजलं असतं."

हे सरांना सुचलं नव्हतं. नुसतं न जाणं. कुणाला काही न सांगता न जाणं. चार वर्षांत त्यांनी काहीही न सांगता केलेलं नव्हतं.

पुन्हा कधी चालायला बाहेर पडलो तर निदान या वेळी त्यांच्या वाटेत येऊ नये, असं त्यांच्या मनात आलं आणि तोंडातून निघालंही, "मग आता तुम्ही कुठे—"

तिथे ते थांबले. विजयाचा पाटीतला हातही थांबला. प्रश्न कोणता होता ते दोघांनाही कळलं होतं, आणि तो विचारण्याचा हक्क या माणसाला नाही, हेही.

"तुम्ही आता फिरता कुठं?" विजयानेच विचारलं.

"घरी. गच्चीवर."

"मंग तिथंच फिरा," ती म्हणाली आणि भाजीवाल्याकडे वळली. "अर्धा किलो कर भाऊ, आन् निबर काढ त्यातली."